परत मागितलेलं वाण

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दिलेलं परत मागावं का?

लगेच माना हलल्या! नाही म्हणे! अहो, भाजीवाल्याला चुकून जास्त सुटे दिले तर कोपऱ्यावरून पळत परत येता तुम्ही! पण देवाधर्माचं, हळदीकुंकवाचं दिलेलं? ते नाही ना मागत? बरं. आपल्याच बार्शीतल्या एका बाईनं ते मागितलं. दारोदार फिरून मागितलं! आणि मी या पाटावर उभा राहून छाती फुगवून सांगतो, त्या मागण्याएवढं मोठं दान मी तरी पाहिलं नाही!

साल ब्याण्णव. इंदुमती देगावकर, सगळे म्हणायचे देगावकरबाई. कॉम्प्युटरचा क्लास! तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे, मंडळी. आत थंड हवा, यंत्रावर कापड. देवाला एवढं सोवळं नव्हतं! बाईंनी पोरींना शिकवलं आणि डाळ मिलला, दवाखान्यात, आडत्यांच्या कचेऱ्यांत नोकऱ्याही लावून दिल्या. लोक कुचकट बोलायचे, "पोरी काय बटणं दाबणार?" दाबली की! फडाफडा दाबली!

संक्रांत आली. बाईंनी सगळ्या जुन्या पोरींना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण काय लुटलं? कंगवा? चहाची गाळणी? छे! प्रत्येकीला एकेक फ्लॉपी! जुन्या काळची ती, काळ्या, चौकोनी, पातळ पाकिटातली चकती हो. तिच्यात वर्षाचे तिथी-वार आणि सण. पोरी हरखल्या. दुसऱ्या दिवशी जिनं तिनं आपापल्या कचेरीतल्या यंत्रात वाण घातलं.

आणि इथंच घोटाळा झाला! पुण्याहून आणलेल्या खेळाच्या फ्लॉपीतून बाईंच्या यंत्रात व्हायरस शिरला होता. पेटीवाले, दचकू नका, पेटीला लागत नाही तो! हा किडा फ्लॉपीच्या पहिल्या पानावर दडून बसतो. फ्लॉपी आत विसरून यंत्र चालू केलं, की यंत्र आधी तेच पान वाचतं – की मारली यानं आत उडी! मग जी नवी फ्लॉपी येईल तिला चिकटायचं. आवाज नाही, त्रास नाही. महिनोन् महिने गप्प! अगदी घरजावयासारखा! पण सहा मार्चला, कुठल्याशा परदेशी चित्रकाराच्या वाढदिवशी, यंत्र चालू केलं रे केलं, की सगळं पुसून टाकणार! वाढदिवस त्याचा, आणि तेरावं आपलं!

पेपरात बातमी आली. बाईंनी पुण्याहून औषधाची फ्लॉपी मागवली, आपलं यंत्र तपासलं – आणि किडा सापडला! लुटलेलं प्रत्येक वाण विषारी! मार्च तर उंबऱ्यावर आलेला.

सासूबाई, म्हणजे माई, तांदूळ निवडत होत्या. बाई म्हणाल्या, "माई, मला वाण परत मागायला जायचंय."

"काय बोलतेस! सवाष्णीच्या पदरात घातलेलं काढून घेणार? अपशकुन गं!"

"माई, मी नकळत पदरात विंचू टाकलाय. अपशकुनाला भिऊन तो तिथंच राहू देऊ?"

माईंनी सूप बाजूला सारलं, चपला घातल्या. "चल. एकटी गेलीस तर दाराबाहेरून बोळवतील. म्हातारी बरोबर असली की आत घेतात."

वा, माई, वा! अशी सासू पाहिजे! मागच्या ओळीतल्या सुनांनो, इतक्या जोरात टाळ्या नकोत, शेजारी कोण बसलंय बघा!

निघाल्या दोघी. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. ती झाकली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, किड्यालासुद्धा नाही. औषधाच्या फ्लॉपीची खाच झाकायला चिकटपट्टी मिळेना, तर बाईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मोठीशी टिकली दुमडून लावली! दारोदारी माई नव्यानं हळदीकुंकू लावायच्या आणि बाई म्हणायच्या, "माझं वाण मला परत दे. माझ्याकडूनच तुझ्या यंत्राला लागण झालीय."

डाळ मिलमध्ये मात्र अडलं. तिथं संजीवनी होती, बाईंची लाडकी. घरात कमावणारी ती एकटी! शेटजींच्या कानावर व्हायरसची कुणकुण गेलेली. त्यांनी खोलीत धूप घातला होता, यंत्र डेटॉलनं पुसून घेतलं होतं! पोरीला म्हणाले, "तूच आणलास ना हा रोग? उद्यापासून येऊ नकोस." पोर रडवेली.

बाई पुढं झाल्या. "शेटजी, वाण माझं होतं. दोष माझा. तिला बोलू नका."

"असं? मग गावभर सांगतो, देगावकरबाईच्या क्लासातून रोग येतो म्हणून! बंद पडेल क्लास!"

बाई काय म्हणाल्या असतील? पाया पडल्या? नाही! म्हणाल्या, "सांगाच! गावभर सांगा! तेच हवंय मला. माझं नाव जाऊ दे, पण कुणाचं यंत्र तपासायचं राहायला नको."

आणि तिथंच बसून मिलचं यंत्र साफ करून दिलं. आणि मंडळी, शेटजींनी खरंच सांगितलं! मार्केट यार्डाच्या कर्ण्यावरून, तुरीच्या भावाबरोबर! "देगावकरबाईंचं वाण ज्यांच्याकडं असेल त्यांनी आणून द्यावं. बाई स्वतः यंत्र साफ करून देतात. आमचं दिलंय!" संजीवनी त्याच खुर्चीवर बसून काम करत होती.

सहा मार्च उजाडला. बार्शीतली यंत्रं चालू झाली. काय झालं? काहीच नाही! काहीच झालं नाही, हाच माझ्या गावचा चमत्कार! दुसऱ्या गावांत ज्यांनी चूक झाकली त्यांच्याकडची यंत्रं त्या दिवशी कोरी झाली म्हणतात. आमच्याकडं एकही नाही!

पण पुढची संक्रांत आली तेव्हा बाईंचा धीर होईना. आपल्या घरी आता कोण वाण घ्यायला येणार? माई म्हणाल्या, "तबक तर मांड." आणि आल्या की पोरी! झाडून सगळ्या! प्रत्येकीच्या हातात कोरी फ्लॉपी, आणि खाचेवर टिकली! संजीवनीनं आपली फ्लॉपी बाईंच्या ओटीत घातली. "बाई, यंदा वाण आमचं. खुशाल तपासून घ्या. आम्ही काही परत मागणार नाही!" बाई हसता हसता रडल्या. मला सांगतानाही भरून येतंय, येऊ दे!

आता तुमच्याकडं वळतो. सकाळी सकाळी मोबाईलवर न वाचता पुढं ढकललेलं कुणाबद्दलचं वाटेल ते, सुनेच्या माघारी शेजारणीच्या कानात घातलेलं, भावाच्या मनात पेरलेला संशय – हे सगळं तुमचंच वाण, बरं! तेही आत गप्प बसलंय. त्याचा सहा मार्च कधी येईल, सांगता येतं का?

आता आरती आहे. पण ऐकता ऐकता ज्याला एखादं घर आठवलं असेल, त्यानं आरतीला थांबू नये. उठावं, त्या दारी जावं आणि म्हणावं, माझं दिलेलं मला परत द्या. जा! देव थांबेल.