नदीला पाणी किती?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलेलं, म्हणून मोबाइल बायकोच्या हातात.

"बघ गं, नदीची पातळी किती दाखवतेय."

"साडेचार फूट."

"काल तर दोन होती. पाऊस कधीच सरला, एवढं पाणी आलं कुठून?"

"वरच्या धरणातून सोडलं असेल."

"उद्या सकाळी दोघं दोस्त मला मासेमारीला न्यायला येणार आहेत. पानगळीत नदी कशी संथ असते. गळाचं तरंगतं बूच जागचं हलत नाही."

"ते बूच तुम्हाला दिसत नाही, म्हणून तर इथे आलोय."

"दिसतं. जरा पुसट दिसतं."

"मागच्या खेपेला मासा गळ घेऊन गेला, तरी तुम्ही आपले बसून. आणि उठलात ते थेट पाण्यात."

"दगड निसरडा होता. तू नीट वाचतेयस ना?"

"माझ्या डोळ्यांत औषध नाही घातलेलं."

ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुम्ही जरा बघता का? मी गेलेलं हिला नकोच आहे."

बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर पातळी दोनच फूट होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"साडेचार," मी म्हणालो.

"मग काय, नाइलाज आहे." नवऱ्याने आरामात पाय लांब केले. "त्या दोघांना आत्ताच फोन लाव. म्हणावं, हे तर एका पायावर तयार होते, पण नदीच आडवी आली. आणि जरा हळहळून सांग."