जास्वंदीचा आडोसा

…म्हनून तुमाला सांगतो, फुलाची कुपाटी लावू नका! काट्याची लावा, निवडुंगाची लावा, न्हाईतर नुसतं जुनेर टांगा… पन फुलाची? न्हाई!

आता म्हनाल, रखमाजीला ही अवदसा कुठनं आठवली? तर आमच्या ठकुबाईपायी. कारभारीन वो माजी! आमची न्हाणी घरामागं उघड्यावर, आन् तिला लागूनच देवळाची वाट. ठकुबाई म्हनली, "आडोसा करा, न्हाईतर म्या चालले पालीला म्हायेरी." कुडाचा केला, पावसानं कुजला, पुन्यांदा केला, पुन्यांदा कुजला, आन् बाई गेली की वो खरंच! मग गेलो भाटघरच्या धरणावर. थितं साहेबाच्या बंगल्याभोवती जास्वंदीची ही दाट कुपाटी, बारमास हिरवी, आत मडम बसलीया का म्हस, काय दिसायचं न्हाई. माळ्याच्या हातापाया पडून फांद्या आनल्या, लावल्या, शेरडं हाकलली, कावडीनं पानी घातलं… आन् वाढली की पुरुषभर!

पहिलं लालभडक फूल आलं, ते भैरोबाला चिकटवून म्या कौल लावला, ठकुबाई येईल का? फूल पडलं उजवीकडं, म्हंजी व्हय, आन् सांजच्याला बाई दारात! लई ग्वाड वाटलं. पन कुंडलिक गुरवानं गावभर बोभाटा केला, "कौल रखमाजीच्याच फुलानं लावा, देव झटक्यात बोलतो." झालं! म्हस गाबन ऱ्हाईल का, पोरीला स्थळ येईल का, सारं पासली गाव पहाटं माज्या कुपाटीला! देवाच्या फुलाला न्हाई कसं म्हनायचं? ठकुबाई न्हायाला बसली, तर पानांतनं हात आत, "वैनी, तुमच्या बाजूचं तेवडं तोडून द्या की."

बाईनं वल्या केसांनीच गठुडं बांधलं. फुलाची कुपाटी लावू नका, सांगतो त्ये उगा न्हाई!

म्या कोयता उचलला, तर गुरव म्हनला, "तोडू का, ते आदी देवाला इचार." इचारलं. डावीकडं पडलं.

आन् ठकुबाई परत येईल का, ते इचारायला आता छाती व्हत न्हाई… तेबी डावीकडं पडलं तर?

आता पहाटं एकटाच न्हातो. पल्याडनं फुलं तोडता तोडता शेजारचा भीमा म्हनतो, "मामा, पाठीचा मळ ऱ्हायला." ऱ्हायलेला असतोच वो… आपल्याच पाठीवर आपला हात कुठं पोचतोय.