चार बॉल जॉइंट माझ्या ताब्यात असल्याबाबत

नाव ओळखपत्रावर आहे तेच, पण त्या नावाने विचारत आलात तर आमच्या गल्लीत कुणी पत्ता सांगणार नाही, ‘कानवाले मिस्त्री’ म्हणावे लागेल. वय ६१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा जुन्या गाड्यांची दुरुस्ती, राहणार स्वतःच्या गॅरेजच्या वरची खोली.

मी आज शनिवारी दुपारी एक वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील गॅरेज मी स्वतःच्या हिमतीवर उभे केले असून चाळीस वर्षे चालवतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की बॉनेट न उघडता मी तिचे दुखणे ओळखतो, त्यावरून मला हे नाव पडले. ही फुशारकी नाही. पुढे संबंध येणार आहे म्हणून आधी सांगितले.

तक्रारदार वकीलसाहेब यांना मी वीस वर्षे ओळखतो. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची जुनी, पिटुकली गाडी आहे. तिचे छप्पर माझ्या छातीलाही लागत नाही आणि चाके दहा इंची आहेत. ती तेव्हापासून माझ्याच हाताखाली आहे. त्यांची मुलगी डॉक्टर असून तिला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात सोमवारी रुजू व्हायचे आहे. ती आजोबांच्या गाडीनेच, एकटी चालवत, रविवारी सकाळी निघणार असे वकीलसाहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवले आहे.

त्यासाठी गाडी बुधवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडे आणून सोडली. तपासणी करा, तेलपाणी बघा, एवढेच काम सांगितले होते. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने वर-खाली हलवली तेव्हा खडखड काही आली नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवले तेव्हा मात्र शेवटच्या चार बोटांत ते जड झाले. म्हणून मी बॉल जॉइंट उघडायचे ठरवले.

लेखनिकांनी बॉल जॉइंट म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगतो की, पुढच्या प्रत्येक चाकाला असे दोन असतात, एक वर आणि एक खाली. आपल्या खुब्यात हाड बसते तसा पिनेचा गोळा वाटीत बसतो, वरून टोपीसारखा मोठा नट. चाक त्यावर उभे राहते आणि वळतेही त्यावरच. पिन तुटली तर चाक आडवे पडते. स्टिअरिंग हातात राहते, पण मग ते नुसते धरायला.

पिन आपल्या भोकात गच्च बसलेली असते. दोन हातोडे घेऊन दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठोकावे लागते. सुटते तेव्हा आवाज बदलतो. चारही पिना अशा सोडवून घेतल्या. डाव्या खालच्या पिनेचा गोळा एका अंगाने चपटा झालेला आढळला. ती पिन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने मानेपाशी पुडीत एक ओली रेघ उमटली, केसाएवढी. रॉकेल तड्यात शिरते आणि मग बाहेर येते, त्याची ती रेघ. बाकीच्या तीन पिना तडकलेल्या नाहीत, पण झिजलेल्या आहेत.

गुरुवारी नवीन संच आला. पिनेला निळी शाई लावून भोकात बसवून पाहिली, तर शाई फक्त कडेला उमटली. म्हणजे पिन पूर्ण टेकत नव्हती. तो संच मी त्याच दिवशी परत पाठवला. बरोबर मापाचा संच येत्या बुधवारी येणार आहे.

शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता वकीलसाहेब आले. मी त्यांना सर्व सांगितले. त्यावर आमचे बोलणे झाले ते असे.

“बुधवार म्हणजे फार उशीर झाला. आत्ता आहेत तेच बसवा.”

“नाही बसवणार.”

“मिस्त्री, दोन वर्षं चाललेत ते. अजून एक दिवस चालतील.”

“दोन वर्षं चाललेत म्हणूनच म्हणतोय.”

“गाडी माझी आहे. जोखीमही माझी.”

“तुमची असती तर तुम्ही चालवत गेला असतात.”

यावर ते चिडले. मी ताईंना सामानासकट माझ्या टेम्पोतून रविवारी पोचवून देतो असे म्हणालो. माझी मुलगी टेम्पोतून पहिल्या दिवशी कामावर जाणार नाही, असे ते म्हणाले. ते गेल्यावर चारही पिना फडक्यात बांधून खिशात घातल्या आणि नट, वाट्या फळीवर ठेवल्या. मला वकीलसाहेब माहीत आहेत.

आज सकाळी साडेनऊ वाजता ते पेट्रोल पंपाजवळच्या फिटरला घेऊन आले. मुलगीही सोबत होती. फिटर गाडीखाली वाकला आणि मला विचारले, “उस्ताद, पिना कुठायत?”

“खिशात.”

“द्या की मग.”

मी डावी खालची पिन काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उजेडात फिरवली, मानेपाशी नख लावून पाहिले, पिन मला परत दिली आणि वकीलसाहेबांना म्हणाला, “साहेब, पंपावर गिऱ्हाईक खोळंबलंय माझं.” तो गेला. पंपावर त्या वेळी एकही गाडी नव्हती, माझ्या दारातून दिसते.

मग मुलीने पिन मागितली. मी दिली. फळीवरची वाटी घेऊन तिने गोळा त्यात ठेवला आणि बोटांनी फिरवला. सरळ होता तोवर फिरला, तिरका केल्यावर अडकला. तिने तीन वेळा फिरवून पाहिला. नंतर, “बाबा, मी बसने जाते,” असे म्हणाली. वकीलसाहेब म्हणाले, “तू गप्प बस. हा माझा आणि यांचा प्रश्न आहे.” तिने हाताचे ग्रीस स्वतःच्याच ओढणीला पुसले. शेजारी फडके होते.

वकीलसाहेब मला म्हणाले, “दुसऱ्याची वस्तू खिशात ठेवणं याला काय म्हणतात, माहीत आहे? मी कायदा शिकलोय.”

मी म्हणालो, “साहेब, तुम्ही शिकलात. पिन शिकलेली नाही.”

ते तेथून थेट ठाण्यात आले. साडेअकरा वाजता हवालदार मला न्यायला आले. मी गॅरेज बंद करून, हात धुऊन त्यांच्याबरोबर आलो. पिना खिशातच होत्या.

येथे ठाण्याच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन समजुतीने सांगितले की, “मिस्त्री, तेवढ्या चार खिळ्यांसाठी या वयात कशाला? देऊन टाका. ते तक्रार मागे घेतात, तुम्ही घरी जा.” साहेबांनी चहाही पाजला, त्याबद्दल तक्रार नाही. पिना देण्यास मी नकार दिला.

आता दोन वर्षांपूर्वीचे सांगतो. हे मला कुणी विचारलेले नाही. साहेब म्हणाले, याची इथे गरज नाही, उगाच स्वतःच्या गळ्यात घालून घेऊ नका. मी म्हणालो, लिहा.

दोन वर्षांपूर्वी वकीलसाहेब हीच गाडी घेऊन आले होते. डाव्या चाकात खडखड होती. गोळा झिजला होता. बॉल जॉइंट बदलायला हवे होते. तेव्हा सुटे भाग मिळत नव्हते आणि त्यांना गाडी लगेच हवी होती. टोपीच्या नटाखाली मापाच्या पातळ पत्र्या असतात. त्यातल्या दोन काढल्या की टोपी खाली बसते आणि झिजलेला गोळासुद्धा घट्ट होतो. मी दोन काढल्या. गाडी गल्लीतून फिरवून आणली. आवाज गेला होता. आवाज गेला की काम झाले, असे मी तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो. म्हणून भाग मिळू लागले तरी मी त्यांना परत बोलावले नाही. चपटा गोळा वाटीत आवळला गेला. प्रत्येक वळणावर तो अडायचा आणि पिनेची मान पिळली जायची. आवाज कसला येणार? आवाज मीच बंद केला होता.

हे ऐकून समोर बसलेले वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे तुम्ही दोन वर्षं मला फसवलंत.”

मी म्हणालो, “मीही फसलो. पण पत्र्या काढणारे हात माझेच होते. त्याची वेगळी तक्रार द्या, मी तीही कबूल करीन. या पिना मात्र मिळणार नाहीत.”

माझे म्हणणे एवढेच की, तक्रार चोरीची आहे, तर चोरीचा माल जप्त करून मुद्देमाल म्हणून जमा व्हावा. मी चारही पिना टेबलावर काढून ठेवल्या. वकीलसाहेब म्हणाले, जप्ती नको, माल आत्ता माझ्या ताब्यात द्या. लेखनिक म्हणाले, “साहेब, एकदा मुद्देमालात गेलं की कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येत नाही.” साहेबांनी जप्तीचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, तक्रार मागे घेताय?”

“अजिबात नाही.”

“मग जप्त करतो.”

दोन पंचांसमोर पिना कापडी पिशवीत घालून लाखेचे सील केले. त्याआधी लेखनिकांनी डावी खालची पिन उचलून मानेपाशी नख फिरवून पाहिले. उद्या रविवार आहे आणि कोर्ट बंद आहे.

बुधवारी बरोबर मापाचा संच येईल. मी तो पत्र्या मोजून, पूर्ण वळणापर्यंत फिरवून बसवणार आहे आणि गाडी ताईंच्या दवाखान्याच्या दारात स्वतः नेऊन पोचवणार आहे. त्याआधी मला अटक करायची असल्यास काम अडेल, याची नोंद घ्यावी.

हा जबाब लेखनिकांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी ‘गैरसमजातून पिना स्वतःकडे ठेवल्या’ असे आले होते. ते माझ्या भल्यासाठी लिहिले, असे लेखनिक म्हणाले. मी ते खोडायला लावून तेथे ‘समजून-उमजून ठेवल्या’ असे करून घेतले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून खालीही सही करतो.