कुणाकडे चाललात?

(जव्हारच्या बाजारातलं इदरीसचं तयार कपड्यांचं दुकान. मागच्या बाजूला त्याची बायको रुबिना शिलाई मशीनवर. सूर्यमाळची सुकरी लेकीच्या लग्नाची पोलकी न्यायला आलेली.)

सुकरी : पन भाभी, शेट तर म्हनतो, तुमी चाललाय त्या अंदमानला पूर्वी सरकार गुन्हेगार धाडत होतं. मंग तुमी काय केलंय?

रुबिना : काही केलं नाही. तेच तर माझं रडगाणं आहे. पंचवीस वर्षांत मला कुठं नेलं नाही यांनी.

इदरीस : कुठं नेलं नाही? नाशिक, भिवंडी, मालेगाव. अजमेरसुद्धा.

रुबिना : नाशिकला तुमच्या आपाचं बाळंतपण होतं. भिवंडीला चुलतभावाचं लग्न. मालेगावला मयत.

इदरीस : आणि अजमेर?

रुबिना : अजमेरला तेरा माणसं आणि एक स्टोव्ह. मीठ संपलं म्हणून मी बाहेर पडले, तेव्हा कुठं दर्गा दिसला मला.

सुकरी : माझ्या कविताची पोलकी दाव आधी. मोखाड्याची जीप सुटंल.

रुबिना : शेवटची बाही राहिलीय. बस जरा.

सुकरी : तिकिटं कोनी काढली?

रुबिना : आमच्या मुलानं, जुल्फिकारनं. मुंबईला सहलीच्या कंपनीत लागलाय ना तो. मी, हे आणि आमची लेक शायस्ता. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं तीन दिवस जहाज. मग बेट. चहूकडून समुद्र आणि मध्ये नुसतं जंगल. वर्षाचे आठ महिने पाऊस पडतो म्हणे.

सुकरी : येवढंच ना? मंग सूर्यमाळला ये. जंगल हाय, पाऊस हाय, वर खेकडं पन खायला घालीन.

रुबिना : तुझ्याकडे आले की तू भाकर वाढणार, आणि हात धुवायच्या आत पाच बाया पोलक्याचं कापड घेऊन पुढ्यात बसणार. मागच्या खेपेला ढवळूच्या सुनेनं माप द्यायला मला गोठ्यात गाठलं होतं.

सुकरी : तिला तां काखेत लागतंय अजून. सांग म्हनली होती तुना.

इदरीस : झालं तुम्हा दोघींचं? आता माझं ऐका. मी सगळी व्यवस्था लावलीय.

रुबिना : कसली व्यवस्था? ती तर जुल्फिकारनं लावलीय.

इदरीस : त्यानं हॉटेल घेतलंय. हॉटेलात राहायला आपण काय बेवारशी आहोत? खोडाळ्याच्या असलमच्या साडूचे मामू पोर्ट ब्लेअरला असतात. तीस वर्षं झाली.

रुबिना : तुम्ही पाहिलंय कधी त्यांना?

इदरीस : काल फोनवर बोललो. रडले बिचारे. म्हणाले, तीस वर्षांत जव्हारचं माणूस घरी आलं नाही.

रुबिना : बरं. एक दिवस जाऊ चहाला.

इदरीस : चहाला काय? आठही दिवस त्यांच्याकडेच. जहाजावर घ्यायला येणार आहेत.

रुबिना : आणि?

इदरीस : आणि काय?

रुबिना : हातातली कात्री ठेवा खाली, मघापासून उगाच उघडझाप चाललीय तिची. आणि काय?

इदरीस : त्यांच्या नातीचं लग्न आहे. नेमकं त्याच आठवड्यात. योग बघ कसा जुळून आला.

सुकरी : बाई बाई बाई.

इदरीस : घरात मशीन नुसतं पडून आहे म्हणाले. मी बोलता बोलता सांगून गेलो, तू शिवतेस म्हणून. फार नाहीत, सातआठ ड्रेस.

रुबिना : सुकरी, ही तुझी पोलकी. हुक घरी लाव. तुझी जीप जाईल.

सुकरी : जाऊ दे गेली तं. मी नाय उठत आता.

रुबिना : मला एवढंच सांगा. तीन दिवस जहाजात बसून, समुद्राच्या मधोमध, जंगलात गेलं, तर तिथंही तुम्ही माझ्यासाठी स्वयंपाकघर शोधून ठेवलंत?

इदरीस : अगं, परका मुलूख. तिथं आपलं माणूस नको का?

रुबिना : नको. तिथं आपलं कोणी नाही, म्हणून तर मला जायचंय. आठ दिवस मला कोणी भाभी म्हणू नये की चाची म्हणू नये. कोणाचं माप नको, कोणाचं ताट नको. सकाळी डोळे उघडले की आज काय करायचं तेच मला माहीत नसावं. माझ्या जन्मात असा एक दिवस आलेला नाही. आता येतोय, तर तुम्ही तो एका मामूला देऊन बसलात.

इदरीस : तू असं कधी बोलली नाहीस.

रुबिना : तुम्ही विचारलं नाहीत.

इदरीस : परवा चौकात तीन वेळा चहाला गेलो. तिन्ही वेळा तेच. इदरीसभाई, अंदमानला कुणाकडे चाललात? मी म्हटलं, कुणाकडे नाही. मग काम काय काढलंत? म्हटलं, काम नाही. चहा अर्धा टाकून उठलो. कुणाकडे नाही, काम नाही, मग माणूस जातो कशाला?

रुबिना : म्हणून मामू हुडकलेत?

इदरीस : खोडाळ्याला दोन चकरा मारल्या त्यासाठी. आणि खरं सांगू? इथं दहा पावलं टाकली की पाच जण सलाम करतात मला. तिथं जहाजातून उतरल्यावर मी कोण? रस्त्यात पडलो तर कोणाला कळवायचं, तेसुद्धा लोकांना ठाऊक नसेल. भीती वाटते मला, रुबिना.

सुकरी : शेट, आमी तं दरसाल दिवाळी झाली का जातूं मजुरीला. वसई नायतं ठाणं. कोन वळखत नाय. पयल्या दिसाला रस्ता इचारायला पन भ्या वाटतं, खोटं नाय.

इदरीस : मग?

सुकरी : मंग दुसरा दीस उगवतो. आनी एक सुख हाय, सासू पाड्यावरच ऱ्हाते.

रुबिना : ऐकलंत?

सुकरी : माझा दादला घरी चार शबूद बोलत नाय. तिकडं दुसरा कोन हाय बोलायला? माझ्याशीच बोलतो. एकदा तं चहा केला मना.

इदरीस : चांगला झाला होता?

सुकरी : नाय. पन केला.

रुबिना : फोन समोरच आहे तुमच्या.

इदरीस : आता काय तोंडानं सांगू? रडले होते गं ते.

सुकरी : कोनतरी मेलं म्हना. लांबचं.

इदरीस : माझे लांबचे सगळे त्यांचे जवळचे निघालेत. काल तासभर नातीच जुळवत होतो आम्ही.

रुबिना : खोटं कशाला? लग्नाला जाऊ की एक दिवस. चांगले कपडे घालू, पाहुण्यांसारखं बसून जेवू, हॉटेलात परत येऊ.

इदरीस : आणि विचारलं, राहत का नाही?

रुबिना : ते तुमचं तुम्ही सांगा. यात मी शब्द पुरवणार नाही.

(इदरीस नंबर फिरवतो.)

इदरीस : सलाम वालेकुम, मामू. इदरीस बोलतोय, जव्हारहून... हां हां, येतोय ना. लग्नाला नक्की. फक्त राहायला आम्ही हॉटेलात... छे, रुसवा कसला... नाही, कपडे नाही शिवणार ती... तब्येत चांगली आहे, अल्लाचा करम आहे... नाही हो, तिथं दुसऱ्या कुणाकडे कशाला जाऊ? तुमच्याशिवाय ओळखतो कोणाला?... काम? काम काही नाही... काहीच नाही, मामू. बायकोला घेऊन फिरायला चाललोय.