खैरनारांच्या तुळशीची पाणीपाळी

मंडळी, ऐका. आधी मोजून सांगते, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे नीट उभं राहील. निफाडजवळच्या एका गावातलं घर. पुढे अंगण — तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. त्यात हिरवळ. कडेने गुलाबाची नऊ झाडं, जास्वंदीची तीन, शेवंतीच्या सहा कुंड्या. मधोमध वृंदावन, त्यात तुळस एक. नळ एक, पाइप पन्नास फुटी. आणि हे सगळं सांभाळणारी माणसं दोन!

आता प्रश्न. सेवा म्हणजे काय हो? हात चालत राहणं? की हात आवरणं, हीसुद्धा सेवाच? ...ते पुढचे काका आत्ताच मान डोलवायला लागले! काका, आख्यान व्हायचंय अजून!

घर भाऊसाहेब खैरनारांचं. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कालव्याची पाळी सांभाळली त्यांनी — कोणत्या शेताला कोणत्या दिवशी, किती तास पाणी सोडायचं, हे काम. पाळी चुकली नाही कधी. मग निवृत्त झाले. कालवा सुटला, पण पाळी सुटते का? रोज संध्याकाळी सहा वाजले, की पाइप हातात!

पौष लागला. पहाटेचा पारा पाच अंशांवर आला. हिरवळ पिवळी पडली. भाऊसाहेब घाबरले.

"कलावती, गवत उपाशी आहे गं!" म्हणाले, आणि मूठमूठ युरिया फेकायला लागले.

कलावतीकाकू दारातून म्हणाल्या, "अहो, उपाशी नाही, झोपलंय ते. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पोळी कोंबतं का कोणी?"

"द्राक्षवाले बघ! थंडी पडली की बागेला पाणी सोडतात. त्यांना कळत नाही का?"

कळतं हो! ओली जमीन दिवसाची ऊब जास्त वेळ धरून ठेवते, खरं आहे. पण ते दोन-तीन कडाक्याच्या रात्रींपुरतं, आणि निचऱ्याच्या जमिनीत. आमचे भाऊसाहेब? रोज! गवताला पाणी, गुलाबाला पाणी, आणि तुळशीला तर जास्तच — देव आहे ना ती! थंडीत मुळं पाणी ओढतात अगदी थोडं. वृंदावनाचं खालचं छिद्र बुजलेलं. मग पाणी जाणार कुठे?

तुळशीची पानं काळी पडून गळायला लागली. कोमेजली म्हणून आणखी पाणी. पाणी वाढलं म्हणून आणखी कोमेजली!

आणि मंडळी, ती साधी तुळस नव्हती. लग्नात काकूंच्या आईने मंजिऱ्या पदरात बांधून दिल्या होत्या. झाड जुनं झालं की त्याच्याच बियांचं नवं — अशी ही आठवी तुळस. आई आता नाही. माहेरच्या अंगणावरून रस्ता गेलाय. उरलं हे एवढंच. आणि बी? कार्तिकात भाऊसाहेबांनी सगळ्या मंजिऱ्या खुडून खताच्या खड्ड्यात टाकलेल्या — "झाड दमतं गं!" म्हणजे ही गेली, की संपलं.

चौदा पानं उरली, त्या सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, इकडे या. बोट घाला मातीत."

त्यांनी घातलं. दोन पेरं आत. बाहेर काढलं तर चिखल, आणि तुंबलेल्या गटाराचा वास!

"तेहतीस वर्षं पाणी दिलंत. कधी शेताला विचारलंत का, तहान आहे का म्हणून?"

"शेत कुठे अर्ज करतं? अर्ज शेतकरी करतो."

"मग हिच्या वतीने मी करते. पाणी बंद!"

अर्ज मंजूर! पाइप काकूंच्या कपाटात, किल्ली काकूंच्या कमरेला. भाऊसाहेबांनी तार घालून वृंदावनाचं छिद्र मोकळं केलं. सांजेला तुळशीभोवती चार काठ्या रोवून जुनं लुगडं पांघरायचं, सकाळी ऊन आलं की काढायचं. गवत कापायचं नाही, युरियाला हात लावायचा नाही, फक्त गळलेला पाला झाडून घ्यायचा. गवताला पाणी दहा दिवसांतून एकदा, तेही सकाळी. झालं! एवढंच काम.

अवघड कोणतं? सहा वाजता रिकामे हात! शेजारचे नामदेवराव कुंपणावरून विचारायचे, "काय भाऊसाहेब, पाळी बंद?"

"वरून आदेश आहे!"

अकराव्या दिवशी पानं राहिली पाच. सांजेला भाऊसाहेब भरलेला तांब्या घेऊन वृंदावनापाशी आले. काकू खिडकीत. ओरडल्या का? नाही. तांब्या कलला... थांबला. भाऊसाहेबांनी दुसऱ्या हाताचं बोट मातीत घातलं. ओल होती. मग ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं, रिकामा तांब्या घेऊन घरात आले आणि म्हणाले, "कलावती, लुगडं दे. गारठा वाढलाय."

मंडळी, त्या तांब्यात भक्ती कमी होती का? पण तुळशीची तहान आणि आपली तळमळ, या दोन गोष्टी आहेत हो! आता घरी जाल. परीक्षेला बसलेल्या मुलीच्या खोलीत दर तासाला डोकावाल — "दूध आणू? अभ्यास झाला?" माहेरून आलेली लेक गप्प बसली, की दहा प्रश्न टाकाल. आजारी माणसाच्या उशाशी पाचजण पाच औषधं सांगाल. तुमचा जीव तुटतो, मान्य! पण बोट घालून पाहिलंत? विचारलंत एकदा, "तुला काय हवंय?" आणि ती "काही नको" म्हणाली, तर तांब्या परत नेता येईल तुम्हाला? आज घरी गेल्यावर एवढंच करून बघा.

आणि त्या तुळशीचं म्हणाल, तर माती कोरडी व्हायला तेवीस दिवस लागले. मग अर्धा तांब्या पाणी, सकाळी नऊ वाजता. माघी पौर्णिमेला दोघांनी पट्टी लावून मोजलं. जुनी पानं तीन. नवे फुटवे सात. सगळ्यांत मोठा, नऊ मिलिमीटर.