हरवलेल्या लेकीची साडी

सिनेमाला चला म्हणता, म्हणून सांगतो. मागं एकदा लेकीनं, सुनंदानं, मला रिक्षात घालून नेलंच. पडद्यावर एका बापाची पोरगी हरवलेली. फौजदार विचारतो, "अंगावर कपडे कुठले होते?" बापाला सांगता येईना. मी मोठ्यानं बोललो, "कसला बाप म्हणायचा ह्यो!" पुढची रांग वळून बघायला लागली.

"आबा, हळू की," सुनंदा म्हणाली.

मध्यंतरात ती चहा आणायला गेली. सिनेमा परत सुरू झाला तरी तिचा पत्ता नाही. माझा फोन तिच्याच पर्समध्ये. समोर पोरं पळवणारी टोळी फिरतेय, मला काही बसवेना. बाहेर जाऊन दारावरच्या माणसाला धरलं.

"लेक हरवलीय माझी!"

"वय किती, आजोबा?"

"अठ्ठेचाळीस."

तो हसला नाही, हे त्याचं नशीब.

"साडी कुठल्या रंगाची?"

सकाळपासून बरोबर होती, पण बघितलंय कुणी? "हिरवी," मी ठोकून दिलं.

मागून आवाज आला, "चहाला रांग हुती, आबा. आन् साडी न्हाय, निळा ड्रेस हाय."

उरलेल्या सिनेमात त्या बापाला मी एक शब्द बोललो नाही.