जात्याची खीळ

हॅलो?… हॅलो, कोण?… आनंदी, तू होय. अगं, जरा मोठ्यानं बोल, तारेत नुसती घरघर आहे.

हो, घरीच. खोपोली सोडून कुठे जाणार मी? मांडीवर बाळ, घरात दिराचं लग्न, आणि हाताशी एक गोदूबाई.

ते राहू दे. आधी सांग, खंडाळ्याला पोचले ना दोघं?… बकू कशी आहे? घाटात उलटी नाही ना झाली?… झोपलीय? या वेळी?… अगं, ती दिवसा कधी झोपत नाही. कपाळाला हात लावून बघ बरं… नुसतं 'हो, हो' नको. उठून बघ. मी थांबते.

गार आहे ना?… आल्यापासून एक शब्द बोलली नाही? बकू?… नाही गं, दमली म्हणून गप्प बसणारी पोर नाही ती. दमली की जास्त बोलते.

हसू नकोस. चार वर्षांची मुलगी, पहिल्यांदा माझ्याशिवाय घाट चढली. मी नकोच म्हणत होते. तर तुझे दादा म्हणाले, आत्याला लग्नाला आणायचं तर भाचीनंच जायला हवं. गोड बोलायला कोणी यांच्याकडून शिकावं.

ठाऊक आहे गं, लाईन कंपनीच्या कामाची आहे. पण टेलिफोनच्या बोर्डावर पदूभाऊ आहेत, ते काही बोलायचे नाहीत. तुझे यजमान वर तळ्यावर, माझे खाली वीजघरात, म्हणून तर हा फोन मिळाला आपल्याला. कॉलेजात एका बाकावर बसायचो, आता डोंगराच्या दोन टोकांना बसून बोलायचं.

कोण, हे? स्वयंपाकघरात?… तुझ्या सासूबाईंशी गप्पा मारत होते?… आनंदी, तू नक्की तुझ्याच दादांबद्दल सांगतेयस ना? माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा हे पाणी मागायलासुद्धा ओलांडत नाहीत… जात्याजवळ पाट घेऊन बसले होते? आणि सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या?… असेल. घरात लग्न निघालं की माणसाला माया येते म्हणतात.

हो, ब्रेकची गंमत. पोचल्या पोचल्या सांगितलीच का?… अगं, मला विचार. काल हे मोटार बाहेर काढायला गेले तर ब्रेकची खीळ तुटलेली. पेडलला ती लांब सळई जोडलेली असते ना, तिच्या सांध्यातली खीळ. बोटाएवढी वस्तू. मुंबईहून मागवायची तर लग्न उरकून जायचं. मग काय, घरभर शोध. चुलीतला चिमटा पाहिला, खिडकीचा गज पाहिला. पाळण्याची कडी उपटायला निघाले तेव्हा मी आडवी झाले. म्हटलं, बाळ आहे त्यात. तिथून निघाले ते थेट जात्यापाशी. वरचा दगड उतरवला आणि मधली लोखंडी खीळ ठोकून ठोकून काढली.

हो, तीच. जिच्यावर वरचा दगड फिरतो ती.

आणि बसली की गं नेमकी, जशी काही मोटारीसाठीच घडवलेली. दारातल्या उतारावर मोटार सोडून ब्रेक दाबून दाखवला. जागच्या जागी उभी. मी पुन्हा पुन्हा दाबायला लावला. म्हणाले, तुला कॉलेजात घातली तिथेच चुकलं, सगळं पडताळून पाहतेस. तेव्हा कुठे बकूला न्यायला हो म्हटलं मी.

काय ऐकू येतंय?… घरघर? तेच म्हणते मी, तार खराब… थांबून थांबून येते? … अगं, ते होय. ते जातं. गोदूबाई माजघरात हळद दळतायत. आजचाच मुहूर्त होता. सकाळी जात्याला हळकुंड बांधून पूजा केली, तेव्हापासून बिचाऱ्या…

हो, आमचंच. दुसरं कुठून आणणार?

काय म्हणालीस?

पुन्हा म्हण.

हो. खीळ मोटारीत आहे. बरोबर.

मग जातं कशावर फिरतंय?

थांब. फोन ठेवू नकोस हं.

गोदूबाई… अहो गोदूबाई, हात थांबवा जरा. नाही, हळद छान झालीय. जात्याला मधे खीळ कुठली घातलीत?… जात्याचीच कशी असेल? ती तर साहेबांनी… कुठून काढलीत?

कधी?

आनंदी, आहेस ना? गोदूबाईंनी ती मोटारीतून काढून आणली. आज पहाटे, झाडायला आल्या तेव्हा. काल यांना ठोकताना पाहिलं होतं त्यांनी. मोटारीखाली सरपटत शिरल्या आणि वरवंट्यानं ठोकून काढली. म्हणतायत, 'हळकुंड बांदायच्या जात्यातला खडा पन घराभायेर जाऊ देऊ नये, वयनी. नवरानवरीला भवतं.' साहेबांना तोंडावर कसं सांगायचं, म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत.

नाही, जागा मोकळी नाही सोडली. बांबूची खुंटी तासली आणि तिथे बसवून दिली. 'खुंटीच्या जागी खुंटी हाय. आमी काय कुनाचं फुकट घेत नाय.'

रागावू कशी? मला काही सुचतच नाहीये.

आज सकाळी मी ब्रेक पाहिला नाही, आनंदी. काल पाहिला होता ना.

मोटार कुठे आहे?… दारात म्हणजे? तुमचं दार तर उतारावर आहे. खाली थेट घाटाचा रस्ता… आणि बकू? तुझ्याजवळच निजलीय ना, खाटेवर?… आत्ता होती म्हणजे काय? आत्ता बघ.

यांनी उचलून मोटारीत नेऊन निजवली? कधी? आपण बोलत असताना?

धाव. फोन टाक आणि धाव. आधी बकूला बाहेर काढ. त्यांच्याशी बोलत उभी राहू नकोस, आधी बकू…

आनंदी?

गेली.

गोदूबाई, बाळाला धरता जरा? नाही, नको. राहू दे माझ्याजवळच. तुम्ही रडू नका. ती खीळ मोटारीत कशासाठी घातली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मीही नाही सांगितलं. बसा इथेच… बांबू ओला होता की वाळलेला?

ओला.

हॅलो, कोण? पदूभाऊ का?… नाही, नाही, लाईन काढू नका. कोणी बोलत नाही म्हणून काय झालं, तिकडे माझी मुलगी आहे… हो, मोठ्या साहेबांनी विचारलं तर सांगा, इंजिनियरांच्या बायकोनं अडवून ठेवलीय. माझं नाव सांगा. फक्त काढू नका.

पावलं वाजली कुणाची तरी. आनंदी?… बोल ना गं. दम मग खा, आधी बोल.

कडेवर? तुझ्या कडेवर आहे?

हं.

थांब जरा. बोलते… नाही, रडत नाही. पदर बाळाच्या तोंडात गेलाय, तो काढते.

हे कुठे आहेत?… मोटारीखाली? खाली शिरून काय करतायत?… आणि चाकांना दगड लावलेत? कोणी?… यांनीच. चारी चाकांना. अगं, ज्याचा ब्रेक शाबूत आहे तो माणूस आपल्या बहिणीच्या दारात चाकांना दगड का लावेल?

बोलाव त्यांना. हात मळलेत तर मळू देत.

अहो, मी बोलतेय… हो, सगळं ठीक. हळद होत आली. तुमचा ब्रेक कसा आहे?… उत्तम. बरं. आणि जात्याची खीळ टिकली घाटात?… 'पहाडासारखी.' असं.

मी त्या खिळीकडेच बघतेय. इथे माजघरात आहे ती. हळदीनं पिवळी झालीय.



ऐकतेय मी… वाटेत गळून पडली असं वाटलं तुम्हाला? म्हणजे खीळ नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि आनंदीला चहा पिता पिता गंमत सांगितलीत… कुठे कळलं?… वळणावर, पाणी घालायला थांबलात तेव्हा. मग?… 'जराशी' मागे आली म्हणजे किती?

फोन बकूकडे द्या.

आनंदी सांगू दे नाहीतर कोणी सांगू दे, मला तिच्याशी बोलायचंय. द्या.

बकू? मी आई गं… हो, डब्यातूनच बोलतेय. बाळ इथेच आहे, तुला शोधतंय. घाटात मोटारीला पाणी पाजलं का?… तिच्या तोंडातून वाफ आली? बाप रे. आणि मग?… मग मोटार उलटी चालायला लागली.

तू कुठे होतीस, राजा? आत बसली होतीस की उतरली होतीस?

उतरली होतीस. फुलं काढायला.

बाबा ओरडले, दगड लाव. मग?… केवढा होता?… दोन्ही हातांनी. आणि चाकाखाली घातलास. तूच. एकटीनं.

हो गं, शहाणी आहेस. फार शहाणी आहेस. नाही, कोणी रागावणार नाही. आईला सांगायचं नाही असं कोणी म्हटलं होतं का?… बरं, बरं. बाबांचं नाव नको घेऊस. आत्या म्हणतेय केस मोकळे आहेत तुझे. सकाळी दोन वेण्या घातल्या होत्या ना मी, लाल रिबिनी लावून? त्या कुठे?

मोटारीला.

एक मोटारीला. आणि दुसरी?

दुसरी पण.

आत्याकडे दे हं फोन.

आनंदी, ऐकलंस? लोखंडाच्या जागी बांबू, आणि तो मोडला तेव्हा बांबूच्या जागी पोरीची रिबीन. तेवढ्यावर वर आणलंय तिला. आता त्याच्यावरच खाली उतरणार होते का, विचार… नाही म्हणतात? 'दुसरी सोय' करणार होते? कसली सोय?… सांगत नाहीत. बरं.

हो, हो… अगं ऐक ना. मला वाद नको. तू बकूला घेऊन रेल्वेनं कर्जतला उतर. मी इथून खोपोलीच्या गाडीनं बाळाला घेऊन येते. फलाटावरच उभी असेन. ट्रंक राहू दे, शालू पिशवीत घाल. खिडकीजवळ बकूला बसवू नकोस. आणि मोटार राहील तिथेच, दगडांसकट.

त्यांना? त्यांना यायचं असेल तर घाटाला पायवाट आहे.

आता कुठे निघाले?… आत? आत कुठे?

स्वयंपाकघरात.

आनंदी, तुमच्या जात्याजवळ सासूबाई अजून बसल्यात का?… उठल्या? तांदूळ निवडून झाले?

अगं, ते तिथे मायेनं बसले नव्हते. त्या कधी उठतायत आणि तुमच्या जात्याची खीळ कधी काढता येतेय, याची वाट बघत होते.

नाही, फोनपर्यंत आणू नकोस सासूबाईंना, वेळ नाही. इथूनच हाक मार. माझं नाव घेऊन सांग, जात्यावर बसा. शेजारी नाही, वर. जात्यावर… असं बसू नये हे मलाही ठाऊक आहे, लक्ष्मी असते ती. पाप माझ्या माथी, म्हणावं. नातीसाठी मागतेय… बकू नात नाही का त्यांची?

बसल्या?… नीट, मांडी घालून?… आणि खीळ ठोकायला हे हातोडी घेऊन आले असतील, ती कोणाच्या हातात आहे? सासूबाईंच्या की यांच्या?

त्यांच्या. मग चिंता नाही.

बकू गाडीत चढेपर्यंत उठायचं नाही म्हणावं. ठेवते आता.

गोदूबाई, दळा.